निदानानंतरची सकाळ : प्रौढ ऑटिस्टिक माणसाला सोबत कोणाची?

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

 

सुरुवातीलाच एक सांगतो. आज आम्ही बोलताना 'आम्ही' म्हणणार आहोत, कारण हे एकट्याचं व्याख्यान नाही. आमचा एक छोटा वाचनगट आहे. त्यातल्या काहींना तिशी-चाळिशीत ऑटिझमचं निदान झालं, काहींच्या घरात ऑटिस्टिक माणूस आहे, आणि काही जण नुसतेच सिनेमा-पुस्तकांचे शौकीन. गेलं वर्षभर आम्ही ऑटिझमविषयीचे सिनेमे बघितले, आत्मकथनं वाचली, आणि त्याच्याच जोडीला कायदे आणि सरकारी तक्तेही वाचले. तक्ता हाही एक मजकूरच असतो. तो कोणीतरी लिहिलेला असतो, आणि लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक माणूस असतो. त्यामुळे त्याचीही समीक्षा करता येते.

सगळं वाचताना आम्ही एकच प्रश्न धरून ठेवला : निदान झालं, मग दुसऱ्या दिवशी सकाळी काय? त्या माणसाच्या सोबतीला कोण आहे?

आधी शब्दाबद्दल

मराठीत ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतात. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने गेल्या शतकाच्या सुरुवातीला 'ऑटिझम' हा शब्द घडवला तो ग्रीक 'ऑटोस', म्हणजे 'स्वतः', यावरून. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचं वर्णन करताना त्याने तो वापरला होता. 1943 मध्ये लिओ कॅनर आणि 1944 मध्ये हान्स आस्पर्गर यांनी मुलांविषयी लिहिताना तो उचलला. आपण त्याचं भाषांतर केलं आणि त्याला 'मग्न' जोडलं.

आता 'मग्न' हा शब्द मराठीत कसा वागतो बघा. वाचनात मग्न, कामात मग्न, ध्यानमग्न. म्हणजे ज्यात सुख आहे अशा गोष्टीत माणूस बुडालेला आहे, हाक मारली तरी ऐकू येत नाही. त्यामुळे 'स्वमग्न' ऐकल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात चित्र उभं राहतं ते आपल्याच नादात असलेल्या, इतरांची पर्वा नसलेल्या माणसाचं.

प्रत्यक्षात आमच्या गटातल्या ऑटिस्टिक मंडळींना विचारलं तर ती उलटंच सांगतात. शेजारच्या कुकरची शिट्टी, ट्यूबलाइटची गुणगुण, लोकलमधल्या तीन संभाषणांचे तुकडे, समोरच्याच्या सेंटचा वास, हे सगळं एकदम आत येतं आणि दार लावता येत नाही. यांच्यावर बाहेरचं जगच जास्त आदळतं. इतरांची पर्वा म्हणाल, तर आपण काल काय चुकीचं बोललो याचा विचार करत यातल्या कित्येकांची रात्र जाते.

हा शब्द लगेच टाकून द्या, असं आमचं म्हणणं नाही. अनेक पालकांनी याच शब्दाच्या आधाराने मराठीत काम उभं केलं आहे. पण मदतीचा प्रश्न आला की हा शब्द आडवा येतो. जो 'स्वतःतच मग्न' आहे त्याला सोबत कशाला हवी, असं वाटून जातं. म्हणून आज आम्ही 'ऑटिस्टिक' म्हणणार आहोत.

पडद्यावरचे दोन प्रौढ

ऑटिझम म्हटलं की अजूनही पहिल्यांदा आठवतो 1988 चा 'रेन मॅन'. डस्टिन हॉफमनचा रेमंड आणि टॉम क्रूझचा चार्ली. आकडे, पत्ते, लास व्हेगास, हे सगळं बोलून झालेलं आहे. विलक्षण बुद्धीचा जो साचा या सिनेमाने पाडला त्याचा त्रास ऑटिस्टिक माणसं आजही भोगतात. "मग तुला काय येतं?" हा प्रश्न त्यांना हमखास विचारला जातो. पण आम्हाला बोलायचं आहे ते शेवटाकडच्या एका प्रसंगाबद्दल.

रेमंड कुठे राहणार हे ठरवायचं आहे. डॉक्टर विचारतो, तुला भावाबरोबर राहायचं आहे का? रेमंड हो म्हणतो. डॉक्टर विचारतो, तुला वॉलब्रुकला, म्हणजे त्या संस्थेत, परत जायचं आहे का? रेमंड त्यालाही हो म्हणतो. यावरून निष्कर्ष निघतो की रेमंडला निवड करता येत नाही, आणि तो आगगाडीने संस्थेत परततो. तो डॉक्टर दिग्दर्शक बॅरी लेव्हिन्सन यांनी स्वतःच साकारला आहे, हा योगायोगही बोलका आहे.

आम्ही हा प्रसंग पुन्हा पुन्हा बघितला. दोन्ही 'हो' खरे असतील तर? भाऊ हवा आहे आणि रोजचं वेळापत्रकही हवं आहे, ओळखीची खोली हवी आहे. यात न कळण्यासारखं काय आहे? तुम्हाआम्हालाही माणसं आणि स्वतःची जागा, दोन्ही लागतं. रेमंडची उत्तरं आम्हाला ठीकच वाटली. प्रश्नातच दोन पर्याय होते : घर किंवा संस्था. तिसरं काही असू शकतं हे विचारणाऱ्याला सुचलं नाही, सिनेमालाही सुचलं नाही.

दुसरा सिनेमा आपल्या जवळचा. 2010 चा 'माय नेम इज खान'. यातला रिझवान आपल्या बोरिवलीचा. आईने जमेल तसं, स्वतःच्या अकलेने त्याला वाढवलं. आई गेल्यावर तो सॅन फ्रान्सिस्कोला भावाकडे जातो. तिथे मानसशास्त्र शिकवणाऱ्या त्याच्या वहिनीच्या, हसीनाच्या, लक्षात येतं की याला आस्पर्गर सिंड्रोम आहे. (आज हे वेगळं निदान उरलेलं नाही. 2013 मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेने ते ऑटिझमच्याच पटात घेतलं.)

म्हणजे बघा, मुख्य धारेतल्या हिंदी सिनेमात एका प्रौढ माणसाचं निदान होतं, आणि तेही घरातल्या माणसाच्या नजरेतून. त्यानंतर ती वहिनी काय करते? गोंगाटाच्या रस्त्यावर त्याचा जीव घाबरा होतो म्हणून त्याच्या हातात व्हिडिओ कॅमेरा देते. भिंगातून बघितलं की जग थोडं लांब जातं, चौकटीत बसतं. हे किती साधं आणि किती बरोबर आहे! भाऊ त्याला सौंदर्यप्रसाधनं विकायचं काम देतो. काम बेताचं आहे, पण त्यामुळे तो बाहेर पडतो, माणसांना भेटतो, त्याच ओघात मंदिरा भेटते. आम्हाला विचाराल तर प्रौढ ऑटिस्टिक माणसाला निदानानंतर काय लागतं याचं हिंदी सिनेमातलं हे सगळ्यात नेमकं चित्र आहे.

आणि करण जोहरच्या सिनेमाला याची किंमतच कळलेली नाही. ही वीस-पंचवीस मिनिटं तो पायऱ्यांसारखी वापरतो आणि वर निघून जातो. पुढे 11 सप्टेंबर येतं, राष्ट्राध्यक्ष येतात, पूर येतो. रिझवानला मोठं व्हावं लागतं, एका देशाच्या सदसद्विवेकबुद्धीला जाग आणावी लागते. तो प्रेमाला पात्र ठरतो तो या पराक्रमामुळे. आमची तक्रार इथे आहे. ऑटिस्टिक माणसाने जग वाचवलं तरच त्याला जगात जागा, असा हा सौदा आहे. वहिनीने कॅमेरा दिला तेव्हा तिने कुठलीच अट घातली नव्हती.

मागे बघणारी पुस्तकं

इंग्रजीत गेल्या काही वर्षांत उशिरा निदान झालेल्यांची, विशेषतः बायकांची, आत्मकथनं भराभर आली. स्कॉटिश विनोदकार फर्न ब्रॅडीचं 'स्ट्राँग फीमेल कॅरेक्टर' हे 2023 चं पुस्तक त्यातलं एक. तिचं निदान झालं 2021 मध्ये, वय 34. त्याआधी किशोरवयातच तिला शंका आली होती, पण तेव्हा डॉक्टरांनी ती उडवून लावली. कॅथरीन मे ही दुसरी लेखिका. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या लांबलचक पायवाटेवर चालण्याचा तिने पण केला होता. त्याच दिवसांत गाडी चालवताना रेडिओवरची एक मुलाखत ऐकली आणि तिला वाटलं, अरे, ही तर मीच.

ही पुस्तकं चांगली आहेत. आमच्या गटातल्या दोघीजणींनी अशी पुस्तकं वाचूनच डॉक्टर गाठला. पण या प्रकाराची एक मर्यादा आहे. यात निदान हे किल्लीसारखं येतं आणि मागचे सगळे कप्पे उघडत जातं. शाळेत असं का झालं, ती नोकरी का सुटली, त्या लग्नात रडू का फुटलं. भूतकाळाचा हिशोब लागतो. पुढच्या आयुष्याबद्दल मात्र पानं कमी पडतात. हा लेखिकांचा दोष कमी आणि परिस्थितीचा जास्त. पुढे लिहिण्यासारखं काही घडलेलंच नसतं, कारण पुढे नेणारी व्यवस्था नसते.

इंग्लंडमध्ये तर 2009 साली खास प्रौढ ऑटिस्टिक माणसांना नजरेसमोर ठेवून ऑटिझम कायदा झाला. 2012 मध्ये तिथल्या नाइस या संस्थेने प्रौढांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात एक वाक्य आहे ज्याचं आम्हाला कौतुक वाटतं. निदान झालेल्या प्रत्येक प्रौढाला, त्याला पुढची मदत हवी असो वा नसो, निदानाचा अर्थ समजून घेण्यासाठी पुन्हा एकदा भेटीची वेळ देऊ करावी, असं ते सांगतं. एक भेट! लिहून ठेवावी लागली, म्हणजे ती आपोआप होत नव्हती हे उघड आहे. आणि लिहून ठेवूनही तिथल्या रांगा लांबच लांब आहेत.

आपला तक्ता

आता आपल्याकडे या. भारतात ऑटिझमचं अपंगत्व प्रमाणपत्र देताना 'इसा' हा तक्ता वापरतात. भारतीय बनावटीचा ऑटिझम मापनाचा तक्ता. यात 40 विधानं आहेत, सहा गटांत विभागलेली : सामाजिक नातं, भावनिक प्रतिसाद, भाषा आणि संवाद, वर्तन, संवेदना, आकलन. प्रत्येक वर्तन किती वेळा दिसतं त्यावरून 1 ते 5 गुण. म्हणजे कमीत कमी 40, जास्तीत जास्त 200. 70 च्या खाली असाल तर ऑटिझम नाही. 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम, त्यापुढे तीव्र.

भारतीय भाषांत, भारतीय मुलांसाठी असं साधन बनलं ही मोठी गोष्ट आहे, यात वाद नाही. हजारो कुटुंबांना त्याचा उपयोग झाला. पण आम्ही तो 'मजकूर' म्हणून वाचला तेव्हा जाणवलं की त्याच्या नजरेसमोर एक मूल आहे आणि तपासणारा त्या मुलाला बाहेरून बघतो आहे. नजरेला नजर देत नाही, किती वेळा? हातवारे करतो, किती वेळा?

चाळिशीतल्या बाईने तीस वर्षं सराव करून नजर द्यायला शिकलेलं असतं. ती समोरच्याच्या दोन भुवयांच्या मध्ये बघते. हात हलवायची ऊर्मी आली की पर्सचा पट्टा घट्ट धरते. तक्त्यात तिला गुण कमी पडणार. संध्याकाळी घरी गेल्यावर ती अंधार करून दोन तास पडून राहते, ते 40 विधानांत कुठेच येत नाही. 'हे सगळं निभावायला तुम्हाला काय मोजावं लागतं?' हा प्रश्न तक्ता विचारत नाही.

आणि निदान झालंच, तरी पुढे काय? आमच्या गटातल्या एकाला एका केंद्रात सांगितलं गेलं, "निदान बरोबर आहे, पण आमच्याकडे सेवा फक्त मुलांसाठी." प्रतीक्षागृहात बसायला छोट्या रंगीत खुर्च्या होत्या. तो सहा फुटी माणूस तासभर उभाच राहिला. यात कोणी वाईट वागलं नाही. फक्त प्रौढ माणूस येईल अशी कल्पनाच कोणी केलेली नव्हती.

कायद्यातही हाच प्रवास दिसतो. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिस्टिक व्यक्तीसाठी पालक नेमायची तरतूद आहे. अर्ज कोणी करायचा? आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था. 'रेन मॅन'मधला डॉक्टर आठवला ना? घर किंवा संस्था. ज्याच्यासाठी पालक नेमायचा तो स्वतः अर्जदार नाही.

2016 चा दिव्यांग हक्क कायदा बराच पुढे आला. त्यात मर्यादित पालकत्व आहे : ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, परस्पर विश्वासाने, त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार. सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण आहे, त्यातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता अशा सगळ्यांत मिळून. आणि त्यात एक फार उपयोगाची कल्पना आहे, ती म्हणजे 'वाजवी सोय'. सूचना तोंडी न देता लिहून देणं, टेबल एसीच्या आवाजापासून लांब ठेवणं, बैठकीचा विषय आदल्या दिवशी कळवणं. याला फारसा पैसा लागत नाही, मागता यावं लागतं. आणि मागायला ऑटिस्टिक आहोत हे सांगावं लागतं. गाडी अडते ती तिथे.

सोबत

मग आदर्श कुठे शोधायचा? आम्हाला तो ऑटिझमबाहेरच्या दोन मराठी सिनेमांत सापडला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे 'देवराई' आणि 'कासव'. पहिल्यात स्किझोफ्रेनिया आहे, दुसऱ्यात नैराश्य. हे वेगळे आजार आहेत, आणि ऑटिझम तर आजारच नाही, त्यामुळे सरमिसळ करायची नाही. पण सोबत कशी असते हे या जोडीने जितकं बारकाईने दाखवलं तितकं क्वचितच कोणी दाखवलं असेल.

'देवराई'त अतुल कुलकर्णीच्या शेषला बहीण आपल्या घरी आणते. सिनेमा तिचं कौतुक करून थांबत नाही. तिच्या संसारावर पडणारा ताणही तो दाखवतो. प्रेम पुरत नाही, प्रेमालाही मदतनीस लागतात, हे तो सांगतो. 'कासव'मध्ये जानकी एका अनोळखी, खचलेल्या मुलाला कोकणातल्या घरी ठेवून घेते. तो नाव सांगत नाही, तर नाव विचारण्याचा हट्ट धरला जात नाही. जेवण ठेवलं जातं, दार उघडं ठेवलं जातं. जानकी स्वतः नैराश्यातून गेलेली आहे, त्यामुळे किती जवळ जायचं हे तिला कळतं.

हा शेवटचा मुद्दा ऑटिझमच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. त्याच वाटेने गेलेलं माणूस. 1992 मध्ये जिम सिंक्लेअर आणि इतर ऑटिस्टिक प्रौढांनी अमेरिकेत ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल सुरू केलं. पुढे त्यांची दरवर्षी शिबिरं भरू लागली. तिथे एक साधी युक्ती निघाली : गळ्यात रंगीत बिल्ला. हिरवा म्हणजे माझ्याशी बोला, पिवळा म्हणजे ओळखीच्यांनीच बोला, लाल म्हणजे आत्ता कोणीच नको. गप्प बसण्याची परवानगी आधीच मिळालेली असली की माणसात येणं सोपं जातं.

2012 मध्ये डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने म्हटलं की न समजणं दुहेरी असतं. ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत, तसे इतरांनाही तो कळत नाही. मग सगळा सराव एकट्यानेच का करायचा? 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात एकाकडून दुसऱ्याकडे गोष्ट सांगत नेण्याची साखळी केली होती. ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत माहिती इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. आपल्यासारख्यांत बसलं की यांचं बोलणं अडत नाही.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. निदानानंतरच्या मदतीचा विचार करताना आपण उपचार, संस्था, घर यांच्यापाशी थांबतो. 'सोबत' हा आपला साधा शब्द आपण विसरतो. "बँकेत जायचंय, सोबतीला येतेस?" यात येणारी बाई आपल्यासाठी फॉर्म भरत नाही, निर्णय घेत नाही. ती असते. कुठे जायचं आणि कधी परतायचं हे जाणाराच ठरवतो. जो बोलत नाही, ज्याला आंघोळीपासून मदत लागते, त्या प्रौढालाही हे लागू आहे. "आमच्या पश्चात याचं काय?" हा त्याच्या आईवडिलांचा प्रश्न खरा आहे. पण त्याचं उत्तर शोधताना त्याला काय हवं हे त्याच्या खुणांनी, चित्रांनी, नकारांनी विचारून घ्यावं लागेल.

आता दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : निदान झालं आहे. घरी आणि ऑफिसात सांगावं का?

सगळ्यांना एकदम सांगायची गरज नाही. आधी एक माणूस निवडा, जो ऐकल्यावर लगेच "अगं, थोडंफार असं सगळ्यांनाच असतं" म्हणणार नाही. ऑफिसात निदान सांगण्याआधी सोय मागून बघा. "मला काम लिहून दिलंत तर चुका कमी होतील," एवढं पुष्कळदा पुरतं. नाही पुरलं तर कायद्याचा आधार घ्या, त्यासाठी कागद लागेल.

प्रश्न : प्रमाणपत्र काढावं का? ते घेऊन काय मिळतं?

बहुतेक सवलतींसाठी 40 टक्के अपंगत्वाची अट आहे. ती बसत नसेल तर प्रमाणपत्राचा व्यावहारिक उपयोग मर्यादित राहतो. पण प्रमाणपत्र नाही मिळालं म्हणून तुमचं निदान खोटं ठरत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. तपासणीला जाताना, तुम्हाला लहानपणापासून ओळखणारं कोणी बरोबर न्या. आणि घरी परतल्यावर काय होतं, किती वेळ पडून राहावं लागतं, हे एका कागदावर लिहून न्या. तक्ता विचारणार नाही, आपणच सांगायचं.

वेळ संपली. पुढच्या व्याख्यानाची तारीख लवकरच कळवू. 'माय नेम इज खान' पुन्हा बघणार असाल तर पहिला तासच बघा, आणि वहिनीकडे लक्ष ठेवा.